पंचाहत्तर कोटी पौंड आले, तरी कर्ज का वाढलं? एव्हर्टनचं प्रकरण

लिव्हरपूलच्या एव्हर्टन या फुटबॉल क्लबमध्ये मालक फरहाद मोशिरी यांनी सुमारे ७५ कोटी पौंड घातले, हा आकडा इंग्लंडच्या माध्यमांत इतक्या वेळा छापून आला की क्लबच्या चाहत्यांमधला प्रत्येक वाद तिथूनच सुरू व्हायचा. एक गट म्हणायचा, ज्याने एवढा पैसा ओतला, मर्सी नदीच्या काठावर नवं स्टेडियम उभं केलं, त्याच्यावर कसले दात खाता? दुसरा गट ताळेबंद पुढे करायचा. ३० जून २०२३ ला क्लबचं निव्वळ कर्ज ३३.०६ कोटी पौंड होतं आणि वर्षभरापूर्वी ते १४.१७ कोटी होतं. मालकाचा पैसा खरोखर आला असेल, तर कर्ज एका वर्षात दुपटीच्या वर कसं गेलं?

दोन्ही आकडे खरे आहेत, आणि ते एकमेकांना खोटंही पाडत नाहीत. मालकाने किती दिलं, यावर भांडण होत राहिलं. तो पैसा कोणत्या रूपात आला, कशावर गेला आणि तो थांबला तेव्हा त्याची जागा कुणी घेतली, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. एव्हर्टनची २०१६ ते २०२४ ही आठ वर्षं समजून घ्यायची तर या तीन प्रश्नांना पर्याय नाही.

पैसा कोणत्या दाराने आला

मोशिरी हे व्यवसायाने हिशेबनीस. आर्सेनलमधला आपला हिस्सा भागीदार, रशियन अब्जाधीश अलिशेर उस्मानोव्ह यांना विकून फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी एव्हर्टनचे ४९.९ टक्के शेअर घेतले. शेअर घेण्यासाठी मोजलेली ही रक्कम क्लबच्या खात्यात आली नाही. ती जुन्या भागधारकांना मिळाली. मालकाच्या ‘गुंतवणुकी’ची बेरीज करताना चाहते ही रक्कम बिनधास्त मिळवतात, पण तिच्यातून एकाही खेळाडूचा पगार निघत नाही.

क्लबमध्ये खरोखर आलेल्या पैशाचा मोठा भाग बिनव्याजी कर्जाच्या रूपात होता. पहिल्याच वर्षी ८ कोटी पौंड आले आणि त्यातून बाहेरची जुनी देणी मिटली. मग दरवर्षी भर पडत गेली आणि शेवटी मालकाचं येणं सुमारे ४५ कोटींवर पोहोचलं. व्याज नाही, परतफेडीची तारीख नाही. म्हणून मोशिरींचे समर्थक त्याला कर्ज म्हणायलाच तयार नसत. व्यवहारात त्यांचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं, कारण हप्त्यासाठी कुणी दारात उभं राहत नव्हतं. कायद्याने मात्र ते कर्जच होतं. क्लब विकायची वेळ आली की असं कर्ज ज्याच्या नावावर आहे त्याचा हक्क शेअरधारकाच्या आधी येतो, आणि खरेदीदाराला शेअरच्या किमतीसोबत या रकमेचं काय करायचं हेही ठरवावं लागतं.

तिसरा मार्ग भागभांडवलाचा. २०२२ च्या सुरुवातीला १० कोटी पौंडांचे नवे शेअर काढण्यात आले आणि मोशिरींचा हिस्सा ७७.२ टक्क्यांवरून ९४.१ टक्क्यांवर गेला. हा पैसा परत मागता येत नाही. क्लबच्या दृष्टीने सगळ्यांत निर्धोक पैसा हाच. त्याची किंमत छोट्या भागधारकांनी मोजली. पिढ्यान्‌पिढ्या एखाददुसरा शेअर जपून ठेवलेल्या कुटुंबांसह बाकी सगळ्यांचा मिळून हिस्सा २२.८ टक्क्यांवरून ५.९ टक्क्यांवर आला.

चौथा मार्ग प्रायोजकत्वाचा. सराव केंद्र फिंच फार्मला उस्मानोव्ह यांच्या यूएसएम कंपनीचं नाव लागलं. जानेवारी २०२० मध्ये तर अजून न बांधलेल्या स्टेडियमच्या नामकरणाचा पहिला हक्क राखून ठेवण्यासाठी यूएसएमने ३ कोटी पौंड दिले. मोशिरी तेव्हा यूएसएमचे अध्यक्ष होते. हा पैसा मोशिरींच्या खिशातला नव्हता, पण चाहत्यांच्या बेरजेत तो पुष्कळदा मालकाच्या नावावर चढायचा. नियमांच्या दृष्टीने या ३ कोटींचं मोल कर्जाऊ ३ कोटींपेक्षा कितीतरी जास्त होतं, कारण ते उत्पन्न होतं. त्याकडे पुढे येऊ.

गेला कुठे

२०१८-१९ मध्ये तोटा ११.१८ कोटी पौंड. २०१९-२० मध्ये १३.९९ कोटी, आणि तोही यूएसएमचे ३ कोटी उत्पन्नात धरून. २०२०-२१ मध्ये १२.०९ कोटी, २०२१-२२ मध्ये ४.४७ कोटी. चार वर्षांत मिळून ४१.७३ कोटी पौंड बुडाले. मधली दोन वर्षं महासाथीची, रिकाम्या स्टँडची. तो वाटा मान्य करायलाच हवा. पण रिकामे स्टँड सगळ्याच क्लबांचे होते आणि असा तोटा फार थोड्यांचा झाला.

खरी गळती पगारात होती. २०२२-२३ मध्ये उत्पन्न १७.२२ कोटी आणि पगार १५.९ कोटी, म्हणजे ९२ टक्के. सगळे पगार देऊन १ कोटी ३२ लाख पौंड उरले. त्यात सामन्यांचा खर्च, प्रवास, वीज, विमा, खेळाडूंच्या खरेदीचा वार्षिक भार आणि कर्जाचं व्याज भागवायचं होतं. ते भागणं शक्यच नव्हतं. ही एका वर्षाची गोष्टही नव्हती. आधीची काही वर्षं हे प्रमाण नव्वदीच्या आसपासच होतं.

खेळाडू खरेदीचा तोटा पुस्तकात कसा दिसतो, हे डेव्ही क्लासेनच्या उदाहरणावरून स्पष्ट होतं. जून २०१७ मध्ये त्याला आयाक्सकडून २.३६ कोटी पौंडांना, पाच वर्षांच्या कराराने आणलं. फी पाच वर्षांवर वाटली की दरवर्षी ४७.२ लाखांचा भार. त्याच उन्हाळ्यात वेन रूनी आणि गिल्फी सिगुर्डसनही आले. तिघांचीही खेळायची आवडती जागा एकच, आघाडीच्या खेळाडूच्या मागची. क्लासेन सगळ्या स्पर्धा मिळून १६ सामने खेळला आणि वर्षभरात वेर्डर ब्रेमेनला सुमारे १.२ कोटींना विकला गेला. पुस्तकात त्याची किंमत तेव्हा १.८८ कोटी उरली होती. म्हणजे विक्रीच्या दिवशी आणखी ६८ लाखांचा तोटा, शिवाय वर्षाचा भार आणि पगार वेगळा. पैसा मालकाचा होता, हे मान्य. पण तो अशा वस्तूत गेला की वर्षभरात तिची किंमत अर्ध्यावर आली.

असे सौदे एकामागून एक झाले, कारण ठरवणारे बदलत राहिले. मोशिरींच्या काळात कुमन, ॲलरडाइस, सिल्वा, अँचेलोटी, बेनितेझ, लॅम्पार्ड आणि डाइश असे सात कायम प्रशिक्षक नेमले गेले. प्रत्येकाची खेळण्याची पद्धत वेगळी, त्यामुळे आधीच्याने मागवलेले खेळाडू नंतरच्याला नकोसे. अशा खेळाडूला विकायचं तर त्याचा एव्हर्टनमधला पगार दुसरा कुणी देत नाही, म्हणून तो करार संपेपर्यंत बसून राहतो आणि फुकट जातो. मुदत संपण्याआधी काढलेल्या प्रशिक्षकाची आणि त्याच्या सहाय्यकांची भरपाईही याच खात्यातून जाते. मालक पैसेवाला असला की चुकीची किंमत लगेच जाणवत नाही, आणि एव्हर्टनमध्ये सात वर्षं तेच होत राहिलं. एकाही वर्षी कुणाला थांबून विचार करावा लागला नाही.

व्याजाचा तिढा

या प्रकरणातला सगळ्यांत बोधक भाग इथे आहे आणि चाहत्यांच्या चर्चेत तो जवळजवळ आलाच नाही.

मर्सीकाठच्या ब्रॅम्ली-मूर डॉकवरच्या नव्या स्टेडियमचं काम ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. ते बांधण्यासाठी वेगळी उपकंपनी होती आणि तिला पैसा मोशिरींच्या बिनव्याजी कर्जातून जात होता. क्लबच्या रोजच्या खर्चासाठी मात्र बाहेरून व्याजाने कर्ज घेतलं जात होतं. त्यातला प्रमुख कर्जदाता राइट्स अँड मीडिया फंडिंग. पुढे येणाऱ्या प्रक्षेपण उत्पन्नाच्या तारणावर हा कर्ज देतो. प्रक्षेपणाचा हप्ता आला की आधी कर्जदात्याचं देणं, मग उरेल ते क्लबचं.

प्रीमियर लीगच्या नफा आणि शाश्वतता नियमात, म्हणजे पीएसआरमध्ये, स्टेडियमसारख्या पायाभूत कामाचा खर्च तोट्यातून वगळता येतो. एव्हर्टनचा युक्तिवाद असा होता: स्टेडियम बांधलं नसतं, तर मालकाचा बिनव्याजी पैसा रोजच्या खर्चाला वापरता आला असता आणि बाहेरचं कर्ज लागलंच नसतं, म्हणून बाहेरच्या कर्जावरचं व्याज हाही खरं तर स्टेडियमचाच खर्च. ऐकायला पटतं. पण क्लबवरचा नियमभंगाचा आरोप तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगाने कर्जाचे करार वाचले. ती कर्जं खेळत्या भांडवलासाठी घेतलेली होती, स्टेडियमसाठी नव्हे. स्टेडियमला गेलेल्या पैशावर व्याजच नव्हतं, मग स्टेडियमचं म्हणून व्याज दाखवणार कसं? ते व्याज तोट्यातच राहिलं.

नीट पाहा. मालकाच्या औदार्याचा पैसा विटा-सिमेंटमध्ये गेला, जिथे व्याज असतं तरी नियमाने माफ झालं असतं. व्याजाचा पैसा पगारात गेला, जिथे त्याची प्रत्येक पेनी मोजली जाते. दोन्ही पैसे एकाच क्लबचे, फक्त कोणता कुठे लावायचा एवढाच प्रश्न होता, आणि उलट लावले असते तर हिशेब हलका झाला असता. मालक स्वतः हिशेबातला माणूस असताना हे घडावं, याचं वाईट वाटतं.

श्रीमंत मालक आणि नियम

“मालकाकडे पैसे आहेत ना, मग लीगच्या पोटात का दुखतं?” हा प्रश्न चाहते पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तर एवढंच की नियम तोटा मोजतो, रोकड मोजत नाही. मालकाने उद्या १० कोटींचा धनादेश दिला, तर बँकेतली शिल्लक वाढेल, पण तोटा एका पौंडाने कमी होणार नाही. कर्ज म्हणून दिला तर देणं वाढतं, शेअर म्हणून दिला तर भांडवल वाढतं. नफा-तोटा पत्रकाला दोन्हींपैकी कशाचाच स्पर्श होत नाही.

तीन वर्षांत जास्तीत जास्त १०.५ कोटी तोट्याची मुभा होती. त्यातले फक्त १.५ कोटी क्लबचे स्वतःचे. उरलेले ९ कोटी मालकाने खात्रीशीर निधीने भरून काढायचे. म्हणजे श्रीमंत मालकाचा उपयोग होतो तो मर्यादा दीड कोटीवरून साडेदहा कोटींपर्यंत नेण्यापुरता. त्यापुढे त्याची श्रीमंती चालत नाही. उत्पन्न वाढवणारा प्रायोजक करार मात्र सरळ तोटा कमी करतो. यूएसएमच्या पैशाचं मोल कर्जापेक्षा जास्त म्हटलं ते याच कारणाने, आणि मालकाशी संबंधित कंपन्यांचे करार बाजारभावाने आहेत की नाही हे लीग तपासते तेही याच कारणाने.

२०२१-२२ ला संपणाऱ्या हिशेबात महासाथीची दोन वर्षं सरासरीने एक धरली. पुस्तकातले तोटे घेतले तर ४.४७ अधिक १३.०४ अधिक ११.१८, म्हणजे २८.६९ कोटी. त्यातून युवा अकादमी, महिला संघ, समाजकार्य, महासाथीचं नुकसान आणि इतर मान्य खर्च वजा होऊन १२.४५ कोटी उरले. मर्यादेपेक्षा १.९५ कोटी जास्त. आयोगासमोर आलेली एक गोष्ट लक्षात राहण्यासारखी आहे: क्लबने त्या हंगामात सहावं स्थान गृहीत धरून अंदाजपत्रक केलं होतं आणि संघ सोळावा आला. केवळ त्या फरकाने सुमारे २.१ कोटी पौंड कमी मिळाले. सहाव्या क्रमांकाच्या भरवशावर पगार ठरवायचे आणि सोळाव्या क्रमांकाचं बक्षीस घ्यायचं. नियमाच्या पलीकडे गेलेली जवळजवळ सगळी रक्कम या एका अंदाजात सामावते.

१७ नोव्हेंबर २०२३ ला १० गुण कापले गेले. नऊ दिवसांनी मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यात गुडिसन पार्क या क्लबच्या जुन्या मैदानावर हजारो प्रेक्षकांनी लीगला भ्रष्ट म्हणणारे गुलाबी फलक उंचावले. राग समजण्यासारखा होता, कारण तोवर आर्थिक नियमाखाली त्या लीगमध्ये एवढी शिक्षा कुणाला झाली नव्हती. अपिलात २६ फेब्रुवारी २०२४ ला ती ६ गुणांवर आली. एप्रिलमध्ये पुढच्या हिशेबातल्या १.६६ कोटींच्या उल्लंघनासाठी आणखी २ गुण गेले. संघाने मैदानावर ४८ गुण कमावले आणि ४० गुणांवर, पंधराव्या स्थानी हंगाम संपवला. जास्तीची शिक्षा अपिलाने दुरुस्त केली, हे योग्यच झालं. उल्लंघन झालंच नव्हतं असा मात्र त्याचा अर्थ नाही, आणि लीगवरच्या रागात क्लब चालवणाऱ्यांना विचारायचे प्रश्न काही महिने मागे पडले.

पैसा थांबल्यावर

रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर २८ फेब्रुवारी २०२२ ला युरोपीय संघाने आणि ३ मार्चला ब्रिटनने उस्मानोव्ह यांच्यावर निर्बंध लावले. २ मार्चला एव्हर्टनने यूएसएम, मेगाफोन आणि योटा या उस्मानोव्ह यांच्याशी संबंधित कंपन्यांचे प्रायोजक करार स्थगित केले. मोशिरींनी यूएसएमचं अध्यक्षपद सोडलं. स्टेडियमचं बांधकाम मात्र चालू होतं आणि ठेकेदाराची बिलं दरमहा येणारच होती. सुरुवातीला सुमारे ५० कोटी पौंड सांगितलेला खर्च पुढे ७६ कोटींच्या घरात गेला.

इथून बाहेरच्या कर्जाची चळत वाढली. २०२३ मध्ये एमएसपी स्पोर्ट्स कॅपिटल ही अमेरिकी गुंतवणूक कंपनी २५ टक्के हिस्सा घेणार होती. ऑगस्टमध्ये तो करार फिसकटला. हिश्श्याऐवजी उरलं ते कर्ज: एमएसपी आणि लिव्हरपूलमधले दोन व्यावसायिक यांचं मिळून १५.८ कोटी पौंड. भागभांडवल म्हणून येणारा पैसा कर्ज म्हणून आला. सप्टेंबर २०२३ मध्ये मायामीच्या ७७७ पार्टनर्स या गुंतवणूक कंपनीने क्लब विकत घ्यायचा करार केला आणि लीगची मंजुरी मिळेपर्यंत पगार-बिलांसाठी सुमारे २० कोटी पौंड कर्जाने दिले. मंजुरी कधी मिळालीच नाही. मे २०२४ मध्ये लंडनच्या लेडनहॉल कॅपिटलने ७७७ वर न्यूयॉर्कमध्ये फसवणुकीचा आरोप करत दावा लावला आणि महिनाअखेर करार संपला. खरेदीदार गेला, त्याचं कर्ज क्लबच्या डोक्यावर राहिलं.

त्या काळात रोख हवी म्हणून खेळाडू विकले गेले. २०२२ मध्ये रिचार्लिसन, जानेवारी २०२३ मध्ये अकादमीत घडलेला अँथनी गॉर्डन, जुलै २०२४ मध्ये अमादू ओनाना. अकादमीच्या खेळाडूची पुस्तकी किंमत शून्य असते, म्हणून गॉर्डनचे सुमारे ४ कोटी पौंड जवळजवळ सगळेच नफा म्हणून लागले. अडचणीतला क्लब घरचा मुलगा आधी का विकतो, त्याचं कारण हेच.

२०२२-२३ च्या हिशेबात लेखापरीक्षकांनी क्लब चालू राहण्याबाबत मोठी अनिश्चितता असल्याचा शेरा नोंदवला. १८७८ मध्ये स्थापन झालेल्या, नऊ वेळा इंग्लंडचं विजेतेपद मिळवलेल्या क्लबच्या हिशेबात हे वाक्य छापलं जाणं किती गंभीर होतं, याची जाणीव त्या दिवसांच्या भांडणांत पुरेशी उमटली नाही.

आकड्यांची गफलत

याच काळात एकाच क्लबचं कर्ज कुणी ३३ कोटी सांगे, कुणी ७८ कोटी. पहिल्या आकड्यात बाहेरची कर्जं आहेत, बँकेतली रोख वजा करून. दुसऱ्यात त्यावर मालकाचे सुमारे ४५ कोटी मिळवले आहेत. मोशिरींना दोष देणारे मोठा आकडा वापरत, पण त्यातला निम्म्याहून जास्त भाग मोशिरींनीच बिनव्याजी दिलेला होता. तो त्यांच्याविरुद्धचा पुरावा म्हणून मांडणं चूक. समर्थक लहान आकडा वापरत, पण तो लहान दिसतो एवढंच: त्यावर व्याज होतं, तारण होतं, तारखा होत्या. क्लबच्या जिवावर उठलेलं कर्ज हेच होतं. आणि खेळाडूंच्या फीचे दुसऱ्या क्लबांना द्यायचे राहिलेले हप्ते दोन्ही आकड्यांत नसतात. ते वेगळे शोधावे लागतात.

शोधायचे कुठे, तर कंपनीज हाऊस या ब्रिटनच्या कंपनी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर क्लबचे हिशेब फुकट मिळतात. नफा-तोट्याच्या आकड्यापेक्षा मागच्या टिपा जास्त बोलतात. ‘एका वर्षाच्या आत देणं’ आणि ‘एका वर्षानंतर देणं’ यांची टीप आधी काढा, कारण पाच वर्षांनी द्यायच्या १० कोटींपेक्षा सहा महिन्यांत द्यायचे २ कोटी जास्त घातक असू शकतात. संबंधित व्यक्तींशी झालेल्या व्यवहारांच्या टिपेत मालकाचं कर्ज आणि त्याच्या अटी सापडतात. ‘वर्ष संपल्यानंतरच्या घटना’ या टिपेत नवी कर्जं आणि विकलेले खेळाडू. तारणांची नोंदवही वेगळी असते. कोणत्या तारखेला कुणी कशावर बोजा चढवला, ते तिथे हिशेब यायच्या कितीतरी महिने आधी दिसतं. एव्हर्टनच्या चाहत्यांतले काही जागरूक लोक ही नोंदवही नियमित पाहत आणि बातमीच्या आधी त्यांना नवं कर्ज कळायचं. त्यांच्या चिकाटीला दाद द्यावी तेवढी थोडी.

तुलनेसाठी दोन क्लब घेता येतील. चेल्सीत रोमन अब्रामोव्हिच यांचंही बिनव्याजी कर्जच होतं, सुमारे १५० कोटी पौंड, आणि २०२२ च्या विक्रीत ते सोडून दिलं गेलं. निर्बंध तिथेही आले. पण तिथे त्या पैशातून उभा राहिलेला संघ आणि जिंकलेले चषक यांना बाजारात २५० कोटी पौंडांचं गिऱ्हाईक मिळालं. मँचेस्टर युनायटेडमध्ये ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये ७९ कोटींत क्लब घेताना निम्म्याहून जास्त रक्कम कर्जाने उभी केली आणि त्या कर्जाचा मोठा भार क्लबवरच टाकला. म्हणजे तिथे मालक आल्यामुळे कर्ज आलं. या दोन टोकांच्या मध्ये एव्हर्टन बसतं: मालकाने दिलं खरं, पण दिलेल्यातून टिकाऊ असं फक्त स्टेडियम उरलं.

डिसेंबर २०२४ नंतर

ह्यूस्टनच्या फ्रीडकिन समूहाकडे इटलीतला रोमा क्लब आधीपासून होता. जून २०२४ मध्ये त्यांनी बोलणी सुरू केली आणि एमएसपीचं कर्ज फेडण्यासाठी पैसे दिले. जुलैत ७७७ च्या कर्जाचा गुंता पाहून माघार घेतली, सप्टेंबरमध्ये परत आले आणि १९ डिसेंबर २०२४ ला क्लब त्यांचा झाला. या व्यवहारात मोशिरींच्या सुमारे ४५ कोटींच्या कर्जाचे शेअर करण्यात आले. परत मागण्याचा हक्क संपला आणि क्लबच्या डोक्यावरचं सगळ्यांत मोठं देणं एका सहीने उतरलं. चाहत्यांतला ‘हे कर्ज आहे की देणगी’ हा वाद त्या दिवशी निकालात निघाला, पण आठ वर्षांनी. आधी ते कर्जच होतं.

योगायोगाने त्याच सुमारास नियमही बदलले. मँचेस्टर सिटीने लीगविरुद्ध नेलेल्या लवादात, मालकांची बिनव्याजी कर्जं बाजारभावाच्या तपासणीतून वगळणं बेकायदा ठरलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये क्लबांनी सुधारित नियम मंजूर केले. बिनव्याजी कर्जावर बाजारदराने व्याज लागलं असं धरायची वेळ आली, तर ४५ कोटींवर अवघ्या ५ टक्क्यांनीही वर्षाला २.२५ कोटींचा बोजा हिशेबात येतो. गुणकपात झाली त्या वर्षीच्या उल्लंघनापेक्षा हा जास्त आहे. शेअर झाल्यामुळे हा प्रश्नच उरला नाही. २०२६-२७ पासून पीएसआरच्या जागी संघावरच्या खर्चाला उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांची मर्यादा ठरली. २०२२-२३ चं एव्हर्टन नुसत्या पगारावर ९२ टक्क्यांना होतं. नव्या मोजणीत खेळाडू आणि मुख्य प्रशिक्षक सोडून बाकीच्यांचे पगार धरत नाहीत, पण खरेदीचा वार्षिक भार आणि एजंटांची फी धरतात.

फ्रीडकिननी महागडी, अल्पमुदतीची कर्जं काढून टाकून त्यांच्या जागी स्टेडियमच्या तारणावर दीर्घ मुदतीचं सुमारे ३५ कोटी पौंडांचं कर्ज घेतलं. म्हणजे क्लब आजही कर्जात आहे आणि ‘नवा मालकही कर्जच करतो’ हा सूर चाहत्यांत उमटू लागला आहे. रक्कम जवळपास तीच असली तरी जात वेगळी आहे. पूर्वी पुढच्या हंगामाचं प्रक्षेपणाचं उत्पन्न पगारासाठी आधीच उचललं जात होतं आणि संघ खालच्या लीगमध्ये घसरला असता तर तारणच आटलं असतं. आता कर्ज इमारतीवर आहे आणि सुमारे ५३ हजार आसनांच्या त्या इमारतीनेच ते फेडायचं आहे. गुडिसनवर चाळीस हजारही आसनं नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे पहिला लीग सामना झाला, तेव्हा २०२५-२६ हा तिथला पहिला पूर्ण हंगाम. त्याचा हिशेब ३० जून २०२६ ला बंद होतो आणि मार्च २०२७ अखेरपर्यंत सादर करावा लागतो. तो आला की सामन्यांच्या दिवसाचं उत्पन्न किती वाढलं आणि वर्षाचं व्याज किती, या दोन ओळी आधी पाहाव्यात. मग फ्रीडकिननी पुढचा पैसा शेअर म्हणून दिला की कर्ज म्हणून, ते टिपांत शोधावं.